तलावाकाठच्या रात्रीच्या फोटोत दिवे पांढरे का फुटतात?

आपण विचारले आहे की, ट्रायपॉड लावून आणि तीस सेकंद शटर उघडे ठेवूनही बेळगावच्या किल्ला तलावाचा रात्रीचा फोटो मनासारखा येत नाही. दिव्यांचे पांढरे गोळे होतात, आकाश काळेकुट्ट पडते आणि मोठे करून पाहिले की कडा किंचित हललेल्या दिसतात. मी याच काठावर अनेक हिवाळे कॅमेरा घेऊन उभा राहिलो आहे आणि माझ्या मते आपली मुख्य चूक सेटिंगची नसून वेळेची आहे. आपण फार उशिरा पोहोचता.

पहिल्या वर्षी मीही काम आटोपून रात्री आठनंतर तलावावर जात असे आणि नेमके असेच फोटो घेऊन परतत असे. पूर्ण अंधार पडला की दिवे आणि आकाश यांच्या उजेडातील अंतर इतके वाढते की सेन्सरला, म्हणजे कॅमेऱ्यातील उजेड टिपणाऱ्या पट्टीला, दोन्ही एकाच वेळी पेलत नाहीत. आकाशासाठी शटर उघडे ठेवण्याची वेळ वाढवावी तर दिवे फुटतात आणि दिवे सांभाळावेत तर काठावरची झाडे अंधारात बुडतात. सूर्यास्तानंतर साधारण पंधरा ते तीस मिनिटांच्या दरम्यान मात्र आकाश गडद निळे असते, रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात आणि थोडा वेळ दोघांचा उजेड जवळपास जुळतो. आपल्या भागात संधिप्रकाश झपाट्याने ओसरतो, त्यामुळे ही संधी लांबत नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेअखेरीस सातच्या सुमारास; त्याआधीच जागा ठरवून, ट्रायपॉड रोवून, लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावरील थेट दृश्यात) दूरचा एखादा दिवा मोठा करून हाताने फोकस लावून ठेवावा आणि नंतर लेन्सला हात लावू नये.

त्या वेळी आयएसओ (सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता) १०० आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधील उजेड आत सोडणारे छिद्र; एफपुढचा आकडा जितका मोठा तितके ते लहान) एफ/८ ठेवल्यास चार ते आठ सेकंद पुरतात. पुढे दर दोन-तीन मिनिटांनी उजेड उतरत जातो, तसतशी वेळ वाढवावी, मात्र प्रत्येक फोटोनंतर हिस्टोग्रामची, म्हणजे फोटोतील उजेडाच्या आलेखाची, उजवी कड तपासावी; आलेख तिथे चिकटला की दिवे फुटले समजावे. दिव्यांना किरण हवे असतील तर एफ/११ पर्यंत जावे. अ‍ॅपर्चरची पाती सात असल्यास चौदा किरण येतात, आठ असल्यास आठच. एफ/१६ च्या पुढे सगळेच चित्र मऊ, म्हणजे कमी रेखीव, पडू लागते, म्हणून मी तिकडे जात नाही.

पाणी गुळगुळीत दिसावे म्हणून आपण तीस सेकंद धरले असावेत, पण त्याची गरज नाही. वाऱ्याने उठलेली प्रत्येक बारीक लाट वेगळ्या कोनात कललेल्या आरशासारखी असते, म्हणूनच दिव्याचे प्रतिबिंब पलीकडच्या काठापासून आपल्या पायांपर्यंत उभ्या पट्ट्यासारखे लांबते. आठ-दहा सेकंदांत या हजारो आरशांची सरासरी होऊन पट्टा रेशमासारखा मऊ होतो. त्यापुढे वेळ वाढवून पाण्यात फारसा फरक पडत नाही, दिवे मात्र फुटतात.

कडा हलण्याचे कारण बहुधा अगदी साधे असते. बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावावा, लेन्समधील हाताची थरथर सावरणारे स्थिरीकरण बंद करावे आणि ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नये. ट्रायपॉडला बॅग लटकवायची असेल तर ती जमिनीला टेकलेली असावी, नाहीतर वाऱ्याने झुलून तीच कॅमेरा हलवते. फिरायला आलेली माणसे शेजारून गेली की फरशीला हादरा बसतो. ती पुढे जाईपर्यंत थांबावे.

राहता राहिला तलावाकाठचा ११० मीटर उंच ध्वजस्तंभ. आठ सेकंदांत फडकत्या ध्वजाचे तीन रंग एकमेकांत मिसळून धूसर होतात आणि मला ते मुळीच रुचत नाही. ट्रायपॉड न हलवता, आयएसओ ३२०० करून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून आणि शटर १/१०० सेकंदाच्या आसपास ठेवून मी ध्वजासाठी दुसरा फोटो घेतो व नंतर तेवढाच भाग संगणकावर जोडतो. हे दोन्ही फोटो मिनिटभराच्या आत घ्यावेत, कारण तेवढ्या वेळातही आकाशाचा निळा रंग बदलतो आणि मग जोड उघडा पडतो.