चॉकलेटचे रुसवे

प्रश्न : मुलीच्या हट्टापायी मी घरी चॉकलेट करायला घेतले. चांगल्या प्रतीची गडद चॉकलेटची लादी आणली, वितळवली, साच्यांत ओतली. चव उत्तम होती. परंतु दोनच दिवसांत वड्यांवर पांढुरके पट्टे उमटले आणि हातात घेताच त्या बोटांना माखू लागल्या. ‘आई, तुझं चॉकलेट म्हातारं झालं,’ असे मुलीचे म्हणणे आहे. ही बुरशी समजून वड्या टाकून द्याव्यात काय?

उत्तर : मुळीच टाकू नका. ही बुरशी नव्हे, पृष्ठभागावर आलेले कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतील स्निग्धांश, आहे, आणि ते खाण्यास पूर्णपणे निर्धोक आहे. कोको बटर हा मोठा लहरी पदार्थ. गोठताना त्याचे स्फटिक सहा निरनिराळ्या प्रकारांनी बनू शकतात, पण वडीला चकाकी आणि मोडताना होणारा तो ‘कट्’ असा आवाज देतो तो त्यांतील पाचवा प्रकारच. तो सुमारे ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली वितळतो. म्हणूनच चॉकलेट हातात टिकते आणि जिभेवर विरघळते. आपण वितळवलेले चॉकलेट नुसतेच गार होऊ दिलेत, तेव्हा त्यात कच्चे, अस्थिर स्फटिक बनले असणार.

यावरचा उपाय म्हणजे टेंपरिंग. गडद चॉकलेटचे बारीक तुकडे करून त्यातील दोन भाग गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात ४५ अंशांपर्यंत वितळवावेत, भांडे उतरवून त्यात न वितळवलेला तिसरा भाग थोडा थोडा घालत सतत ढवळावे आणि मिश्रण ३१-३२ अंशांवर आले की साच्यांत ओतावे. हा तिसरा भाग विरजणासारखे काम करतो : त्यातील तयार स्फटिक पाहून बाकीचे कोको बटर तसेच गोठते. ओतण्यापूर्वी सुरीचे टोक मिश्रणात बुडवून बाजूला ठेवावे. चार-पाच मिनिटांत तो थर चकचकीत आणि कोरडा झाला, तर जमले. न जमल्यास पुन्हा वितळवावे, चॉकलेट त्याचा राग धरत नाही. आपल्या पट्टेरी वड्याही अशाच पुन्हा वापरता येतील, मात्र विरजणासाठी त्या घेऊ नयेत.

प्रश्न : चॉकलेट वितळत असताना वाफेचे चार थेंब भांड्यात पडले आणि बघता बघता त्याचा खरखरीत गोळा झाला. एवढ्याशा पाण्याने असे का व्हावे?

उत्तर : पाणी थोडे होते, हीच अडचण झाली. चॉकलेटमधील साखरेचे कोरडे कण स्निग्धांशात तरंगत असतात. थेंबभर पाण्याने ते ओले होऊन एकमेकांना चिकटतात. विचित्र वाटेल, पण अशा वेळी आणखी पाणी घालावे. गरम पाणी किंवा दूध चमचा-चमचा घालून घोटल्यास गोळा सैल होतो. त्याच्या वड्या पडणार नाहीत, परंतु केकवर ओतण्यासाठी सॉस झकास होईल, आणि तो ठरवूनच केला होता असे पाहुण्यांना सांगण्यास माझी हरकत नाही.

प्रश्न : पांढरे चॉकलेट हे चॉकलेटच नव्हे, असे आमचे हे प्रत्येक वेळी ऐकवतात आणि मग माझ्या वाटणीचेही खातात. खरे काय?

उत्तर : पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोची तपकिरी भुकटी नसते, एवढे त्यांचे म्हणणे खरे आहे. मात्र त्यात कोको बटर असते, युरोप-अमेरिकेच्या नियमांनुसार किमान २० टक्के, आणि त्याच्याशिवाय आजची वडी जन्मालाच आली नसती. १८२८ साली नेदरलँड्समध्ये व्हान हाउटन यांच्या दाबयंत्राने कोको बटर वेगळे काढणे सोपे झाले. तेच जादा कोको बटर कोको भुकटी आणि साखरेत मिसळून ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८४७ मध्ये खाण्याची वडी घडवली. तोवर चॉकलेट हे मुख्यतः पेयच होते. तेव्हा वाद मिटेपर्यंत डबा आपल्या ताब्यात ठेवावा.