फसगत, फसवणूक आणि न झालेली ‘लिहिणूक’

प्रश्न असा आहे: ‘वागणे’वरून ‘वागणूक’ आणि ‘फसवणे’वरून ‘फसवणूक’ होते, तर ‘लिहिणे’वरून ‘लिहिणूक’ का होत नाही?

मराठीत बिनदिक्कत कोणत्याही धातूला लावावा असा नामसाधक प्रत्यय एकच, ‘-णे’. लिहिणे, फसवणे, गडगडणे, काहीही चालते. ‘-णूक’, ‘-णी’, ‘-आव’, ‘-आई’, ‘-प’ हे बाकीचे प्रत्यय ठरावीक धातूंनाच लागतात, आणि कोणता कोणाला हे रूढी ठरवते. ‘लिहिणे’च्या शेजारची जागा ‘लिखाण’ आणि ‘लेखन’ यांनी आधीच भरून काढली आहे. ‘लिहिणूक’ला काही कामच उरले नाही.

तरीही ‘-णूक’ अगदीच लहरी नाही. फसवणूक, गुंतवणूक, सोडवणूक, अडवणूक, पिळवणूक या नामांत ‘-णूक’च्या आधी ‘व’ आहे. तो प्रयोजकाचा, म्हणजे ‘करायला लावणे’ या अर्थाचा. (‘मिरवणूक’मधला ‘व’ मात्र धातूचाच.) वागणूक, नेमणूक, जपणूक, निवडणूक यांत तो नाही, म्हणून याला नियम न म्हणता कल म्हणावे. पण हा कल फार बोलका आहे. मूळ धातू आणि त्याचा प्रयोजक यांची नामे शेजारी ठेवून पाहा: फसणे–फसगत, फसवणे–फसवणूक, गुंतणे–गुंता, गुंतवणे–गुंतवणूक, सुटणे–सुटका, सोडवणे–सोडवणूक. ‘माझी फसगत झाली’ यात दोषी कोणी नसेलही, माझाच अंदाज चुकला असेल. ‘माझी फसवणूक झाली’ म्हटले की फसवणारा कोणीतरी आलाच. तक्रार लिहिताना हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

‘फसवणे’ आणि ‘फसवणूक’ दोन्ही नामेच, पण ‘-णे’चे नाम अर्धे क्रियापदच राहते. ‘ग्राहकाला फसवणे’ यात कर्माची ‘ला’ विभक्ती तशीच टिकते. ‘फसवणूक’ आली की ‘ग्राहकाची’ म्हणावे लागते. ‘ग्राहकाला फसवणूक’ कोणी म्हणणार नाही. ‘सर्रास फसवणे’ चालते, ‘सर्रास फसवणूक’ म्हटले की पुढे ‘होते’ किंवा ‘करतात’ हवे वाटते. ‘फसवणे’चे अनेकवचनही होत नाही.

एका धातूची अनेक नामे झाली की ती कामे वाटून घेतात. ‘वाटणे’चेच पाहा: पुस्तकांचे वाटप होते, जमिनीची वाटणी होते. वाटपात देणारा एक आणि घेणारे अनेक. वाटणीत सगळेच हक्कदार, आणि प्रत्येकाच्या हाती येतो तो वाटा. मनाला ‘वाटणे’ हा धातू वेगळा. त्याला यातले एकही नाम मिळालेले नाही, तिथे ‘-णे’वरच भागवावे लागते.

लिहिताना सर्वांत जास्त चूक होते ती उकाराची. ‘-णूक’मधला ‘णू’ दीर्घ, पण पुढे विभक्ती किंवा अनेकवचनाचा प्रत्यय आला की तो ऱ्हस्व होतो: निवडणूक, पण निवडणुकीत, निवडणुका, फसवणूक, पण फसवणुकीचा. ‘निवडणूकीत’ हे चूक.