गुढीपाडव्यासाठी भाड्याच्या घरात दोनशे रुपयांत, खिळे न ठोकता, मुलांना सोबत घेऊन सजावट कशी करावी?

प्रश्नात तीन अटी आहेत: खर्च दोनशेच्या आत हवा, घर भाड्याचं असल्यामुळे खिळे ठोकायचे नाहीत आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांनाही हात लावता यायला हवा. या तिन्हीत बसवायचं असेल तर दोनच गोष्टी करा, दाराचं तोरण आणि देवघराजवळ ठेवायला एक वीतभर उंच गुढी. भिंतभर कागदी फुलं चिकटवण्यात कागद आणि वेळ दोन्ही जातात, आणि लोकांची नजर शेवटी दारावरच जाते.

सामान स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. क्रेप पेपरच्या दोन घड्या (केशरी, पिवळी), हिरव्या कार्डशीटचे ए-फोर आकाराचे दोन कागद, एक तांबूस कागद, सुतळी, फेव्हिकॉलची लहान बाटली, मास्किंग टेप, आणि कबाबच्या बांबूच्या काड्या. सुई-दोरा घरात असतोच. बहुतेक ठिकाणी एवढं दोनशेच्या आत बसतं. थर्माकोल घेऊ नका. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर 2018 पासून बंदी आहे आणि इथे त्याची गरजही पडत नाही.

आधी झेंडू, कारण तोरणाची सगळी शोभा त्याच्यावर आहे. क्रेपची घडी साधारण 50 सेंटिमीटर रुंद आणि अडीच मीटर लांब असते. कागद दोन्ही दिशांनी ताणून बघा. तो लांबीच्या दिशेने ताणतो, रुंदीच्या दिशेने ताणत नाही. 6 सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापायची ती याच लांबीच्या दिशेने, म्हणजे सुरकुत्या पट्टीवर आडव्या न येता उभ्या येतात. इथेच बहुतेकांचं चुकतं. दिशा उलटी झाली तर पाकळीचं टोक ताणत नाही, फाटतं, आणि फूल चुरगळलेल्या बोळ्यासारखं दिसतं.

एका अडीच मीटरच्या पट्टीचे चार तुकडे करा, प्रत्येकी 62 सेंटिमीटरच्या आसपास. एक तुकडा म्हणजे एक फूल. त्याची आठ पदरी घडी घालून एका कडेला 3 सेंटिमीटर खोल, बोटाच्या रुंदीइतक्या अंतराने चिरा द्या आणि टोकं कात्रीने गोल करा. घडी उलगडून प्रत्येक टोक दोन्ही अंगठ्यांनी हलकेच आडवं ताणा. कागदाला लगेच झालर पडते आणि ती तशीच राहते. मुलांना हे काम फार आवडतं.

मग न कापलेल्या कडेपासून 1 सेंटिमीटर आत साधा धावदोरा घाला, टाके सेंटिमीटरभराचे. दोरा ओढून पट्टी 20 सेंटिमीटरपर्यंत चुणून घ्या. गुंडाळायला सुरुवात घट्ट करा, बाहेरचे वेढे सैल ठेवा. मधला भाग गच्च आणि कडा फुललेली, हीच झेंडूची ओळख. शेवटी बुडातून सुई दोनदा आरपार काढून गाठ मारा. इथे फेव्हिकॉल नको. ओल्या गोंदाने क्रेपचा रंग सुटतो, डाग पडतात आणि कागद लिबलिबीत होतो. पाडव्याला सकाळी उंबरा धुताना तोरणावर पाणी उडू देऊ नका, त्याचंही कारण हेच.

पानांसाठी कार्डशीट 14.5 × 4 सेंटिमीटरच्या पट्ट्यांत कापा. एका कागदातून दहा निघतात. प्रत्येक पट्टी उभी दुमडून आंब्याच्या पानाचा आकार कापा, वर 2 सेंटिमीटरचं शेपूट ठेवा. शाई संपलेल्या बॉलपेनने शिरा दाबून काढल्या की पान जिवंत वाटतं. दोन-तीन पानं तांबूस कागदाची करा. चैत्रात आंब्याची कोवळी पालवी त्याच रंगाची असते, आणि सगळी पानं एकाच हिरव्याची असली की तोरण दुकानातलं वाटतं.

तीन फुटी दाराला 11 पानं आणि 12 फुलं पुरतात. सुतळी 120 सेंटिमीटर घ्या. दर 8 सेंटिमीटरवर खूण करून पानाचं शेपूट सुतळीवरून मागे वळवा आणि फेव्हिकॉल लावून वर स्टेपल मारा. नायलॉनची दोरी नको, ती गुळगुळीत असल्यामुळे पानं घसरून मधल्या झोळात गोळा होतात. दोन पानांच्या मध्ये एकेक फूल दोऱ्याने बांधा, उरलेली दोन टोकांना. त्यांच्या घेराखाली स्टेपल झाकल्या जातात.

लावताना चौकटीची वरची बाजू कोरड्या फडक्याने पुसा, सुतळीचं टोक तिथे ठेवून मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या फुलीसारख्या चिकटवा. हे तोरण पन्नास ग्रॅमही भरत नाही, त्यामुळे टेप पुरते. दुहेरी टेप टाळा, काढताना रंग निघतो. दार लोखंडी आणि उन्हात तापणारं असेल तर ग्लू गनही नको, तिचा गोंद मऊ पडतो.

लहान गुढीसाठी काडीचं बूड शाडूच्या किंवा कुंडीतल्या चिकट मातीच्या गोळ्यात रोवा. गोळा तळाशी 5-6 सेंटिमीटर रुंद हवा, नाहीतर गुढी कलंडते. माती वाळताना आकसते आणि काडी हलू लागते. तेव्हा फटीत फेव्हिकॉल सोडा. कणकेचा गोळा करू नका, मुंग्या लागतात.

शिंप्याकडे खणाच्या कातरणी मिळतात. 18 × 14 सेंटिमीटरच्या तुकड्याला सेंटिमीटरभर निऱ्या घालून काडीच्या टोकाखाली दोऱ्याने आवळा. तांब्या म्हणून चहाचा छोटा कागदी कप उपडा घाला, आत कागदाचा बोळा कोंबा म्हणजे तो डुलत नाही. कपाला सोनेरी कागद लावताना सरळ पट्टी कापली तर चुण्या पडतात, कारण कप वर रुंद आणि खाली निमुळता असतो. त्याऐवजी कप कागदावर आडवा गडगडवत न्या आणि दोन्ही कडांच्या मागोमाग पेन्सिल फिरवा. कमानीसारखा जो आकार मिळतो तो बरोबर बसतो.

गुढीला घालायच्या साखरगाठीसाठी पांढऱ्या कागदाच्या गोल चकत्या दोऱ्याच्या दोन्ही बाजूंनी चिकटवा. कडुलिंबाची डहाळी मात्र खरीच लावा, बोटभर लांबीची. कागदाची करण्यात वेळ जातो आणि वासही येत नाही.