टोरांटोत घर घेतलंय: गॅस फर्नेस ठेवावी की हीट पंप लावावा?

प्रश्न मुंबईतून, लेकीच्या घरासाठी विचारलाय, म्हणून मुंबईच्याच भाषेत सांगतो. आपल्या एसीचा बाहेरचा डबा गॅलरीत गरम हवा फेकतो ना? हीट पंप म्हणजे तोच एसी उलटा चालवलेला. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरून ओढून आत आणतो. म्हणून १ युनिट विजेत साधारण ३ युनिट उष्णता मिळते. साध्या हीटरला १ युनिटला १ च.

आता हिशेब. फर्नेस म्हणजे गॅस जाळून घर गरम करणारी भट्टी. १ घनमीटर गॅस चांगल्या फर्नेसमध्ये जाळला की जवळपास १० युनिट उष्णता मिळते. तेवढ्यासाठी हीट पंपाला सव्वातीन-साडेतीन युनिट वीज लागते. पण बाहेर उणे १५ अंशांच्या आसपास त्याचा दम कमी होतो, मग ५ युनिटही लागतात. म्हणजे लेकीच्या बिलावरचा गॅसचा घनमीटरचा दर (पाइपलाइनचा आकार धरून) आणि साडेतीन ते पाच युनिट विजेची किंमत शेजारी ठेवा. उत्तर तिथेच दिसेल. शेजारच्या क्वेबेक प्रांतात जलविद्युत स्वस्त, त्यामुळे बहुतेक घरं विजेवरच गरम होतात. तिथलं गणित टोरांटोला लावू नका.

फर्नेस चालू स्थितीत असेल तर मी ती काढणार नाही. उन्हाळ्यासाठी एसी लागणारच असेल (हो, तिकडेही उकडतं!) तर त्याऐवजी हीट पंप घ्या आणि कडाक्याच्या थंडीत फर्नेस चालवा. त्याआधी पोटमाळ्याचं इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) आणि खिडक्यांच्या फटी बघून घ्या. खर्च थोडा, फायदा फर्नेस आणि हीट पंप दोन्हीकडे.