कुणी पाहिलं?

प्रिय मुली,

तुझे चॅनलमधले वरिष्ठ म्हणतात, युद्धाच्या बातमीखाली भोंगा वाजवल्याशिवाय प्रेक्षक थांबत नाही. तू विचारतेस, वाजवला तर काय बिघडलं? मे 2025 मध्ये नागरी संरक्षणवाल्यांनाच माध्यमांना सांगावं लागलं, हवाई हल्ल्याचा भोंगा कार्यक्रमांत वापरू नका. रोज टीव्हीवर ऐकलेला भोंगा खऱ्या रात्री कुणाला उठवणार? तू गोव्यातल्या वास्कोची. आयएनएस हंसा, नौदलाचा हवाई तळ, तुमच्या दाराशी. शेजारच्या बाईचा नवरा बोटीवर असताना तिला तो आवाज कसा लागतो, हे तुला मी सांगायचं?

त्याच मे महिन्यात 8 तारखेच्या रात्री चॅनलांनी कराची बंदर उद्ध्वस्त करून टाकलं. बंदर जागेवरच होतं. पूंछमध्ये तोफगोळ्यानं गेलेल्या एका शिक्षकाला काहींनी दहशतवादी ठरवलं. पोलिसांना खुलासा करावा लागला. घरात मयत, आणि वर हा कलंक! एका प्रश्नानं दोन्ही बातम्या अडल्या असत्या: कुणी पाहिलं? 'सूत्रं' काही पाहत नाहीत. माणूस पाहतो. तो कुठे उभा होता, ते विचार.

आपल्याच गोव्याचं 1961 बघ. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचा आपल्या सैन्याला हुकूम होता, जिंका नाहीतर मरा. 18 डिसेंबरला भारतीय सैन्य आत शिरलं, 19 ला संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर व्हासालो इ सिल्वांनी शरणागती पत्करली. हुकुमावरून बातमी लिहिणाऱ्यानं हजारो मुडदे पाडले असते. पणजीच्या वाटेवर बाणस्तारीला उभा असलेला एवढंच सांगेल, पोर्तुगीजांनी पूल उडवला आणि आपले सैनिक तरीही पलीकडे गेले. मला तो सांगणारा हवा. तशी माणसं आता फार उरली नाहीत, याची खंत जात नाही.

काळ बदलला म्हणू नकोस. हे मी टेलिप्रिंटरच्या दिवसांतही ऐकलंय. कुणी पाहिलं विचारत बसलो म्हणून माझं पान उशिरा सुटायचं, बढती दुसऱ्याला मिळाली. मिळू दे. माझ्या पानावर जिवंत माणूस कधी मेला नाही, आणि कुणाच्या आईला चुकीचं नाव वाचावं लागलं नाही. आजही तसाच अडून बसेन.

उद्या पट्टीवर 'दावा' आला तर कुणाचा ते लिही. तिथे तू नव्हतीस तर 'आमची प्रतिनिधी घटनास्थळी' म्हणू नकोस. ऐकलं नाही तर त्या बातमीवरून स्वतःचं नाव काढायला सांग, लेखी सांग. नोकरीवर आलं तर मला फोन कर. दोन संपादक अजून माझा शब्द मानतात.

तुझा,
काका