कॉम्प्लेक्स वनवर (मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या श्वसनसाखळीतलं पहिलं प्रथिन-संकुल) काम सुरू करणाऱ्यासाठी
नांदेडच्या मे महिन्यात मायटोकॉन्ड्रिया वेगळे काढणार असशील, तर बर्फ आधीच भरून ठेव, लाइट गेली तरी पुरेल एवढा. आता सबयुनिट्स, म्हणजे संकुल ज्या प्रथिनांचं बनतं ती. माणसाच्या कॉम्प्लेक्स वनमध्ये ती ४५ असतात, त्यातली ७ मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएवरून बनतात. साखळीतल्याच कॉम्प्लेक्स फोरचीही काही तशीच. कॉम्प्लेक्स टूची चारही केंद्रकातल्या जनुकांवरून. म्हणून वन आणि फोर मंदावलेत, टू मात्र ठणठणीत, असं दिसलं की माझा पहिला संशय मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवर जातो. पण ब्लॉटवर (जेलमध्ये वेगळी केलेली प्रथिनं अँटिबॉडीनं ओळखायची चाचणी) लगेच विसंबू नकोस, बाबा! कॉक्स वनसारखी (हे कॉम्प्लेक्स फोरचं सबयुनिट) पटलात रुतलेली प्रथिनं ९५ अंशांवर तापवलीस तर त्यांच्या गुठळ्या होतात, जेलमध्ये शिरतच नाहीत. ३७ अंश पुरे. कॉम्प्लेक्स वनचा वेग मोजताना रोटेनोन (वनला बंद पाडणारं रसायन) घातलेला नमुना सोबत हवाच, त्यातला उरलेला वेग वजा कर.