दीर्घिकेभोवतीचं ‘खळं’

अमळनेरचे एक विज्ञान शिक्षक शाळेच्या हस्तलिखितासाठी ‘सुरुवातीच्या विश्वातल्या दीर्घिकांभोवतीच्या वायूचं सिम्युलेशन’ या विषयावर लिहीत आहेत. दीर्घिकेच्या (गॅलक्सीच्या) ‘हेलो’ला, म्हणजे तिच्याभोवतीच्या वायूच्या वेढ्याला, प्रभामंडळ म्हणावं की तेजोवलय, आणि सिम्युलेशनला ‘नक्कल’ चालेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

माझ्या मते तिन्ही शब्द नकोत. प्रभा नाही नि तेजही नाही, हीच तर या वायूची अडचण. तो इतका विरळ, की बहुतेक वेळा त्याची सावलीच सापडते: मागच्या क्वेसारच्या, म्हणजे अतिदूरच्या प्रखर दीर्घिका-केंद्राच्या, प्रकाशातले काही रंग तो गिळून टाकतो आणि तिथे काळ्या रेषा उमटतात. या रेषा दीर्घिकांभोवती दूरवर पसरलेल्या वायूमुळे उमटत असाव्यात, हे बाकॉल आणि स्पिट्झर या खगोलशास्त्रज्ञांनी १९६९ साली मांडलं.

आपला शब्द आहे ‘खळं’. चंद्राला खळं पडतं, आणि दादर ज्वारीची मळणी होते तेही खळंच. गावात ‘खयं’ ऐकू येईल. गंमत म्हणजे हेलोचं मूळ असलेल्या ग्रीक शब्दाचेही नेमके हेच दोन अर्थ, मळणीची गोल जागा आणि चंद्रसूर्याभोवतीचं कडं. शब्दांचं नातं नाही, नजर तेवढी सारखी. शिवाय खळ्यासारखीच इथे आवक-जावक चालते. बाहेरून थंड वायूचे ओघ आत येतात, त्यातून तारे घडतात, मोठ्या ताऱ्यांचे स्फोट काही वायू परत बाहेर उधळतात, त्यातला थोडा पुन्हा खाली येतो. एक खोट आहे: चंद्राचं खळं चंद्राभोवती नसतंच, ते आपल्याच आकाशातल्या उंच ढगांच्या हिमकणांमुळे दिसतं. पण तो दोष हेलोलाही आहे, तेव्हा चालवून घ्यावं.

आता नक्कल. नक्कल करायला समोर अस्सल लागतं. इथे संगणकाला द्यायची ती फक्त सुरुवात: विश्व जेमतेम ३,८०,००० वर्षांचं असतानाच्या प्रारणातून (रेडिएशनमधून) कळणारे घनतेतले बारीक चढउतार. मग गुरुत्वाकर्षण, वायूचं निवणं, ताऱ्यांचे स्फोट यांचे नियम लावायचे आणि काय घडतं ते पाहायचं. यासाठी अवकाशाचे कप्पे पाडतात. पूर्वापार पद्धत अशी, की दाट वायूत कप्पे बारीक आणि विरळ वायूत ढोबळ. म्हणजे खळ्यातच हिशेब ढोबळ! तिथले लहान, थंड ढग कप्प्यात विरघळून जायचे. २०१९च्या सुमारास ‘फॉगी’सारख्या सिम्युलेशन प्रकल्पांनी मुद्दाम खळ्यातही बारीक कप्पे पाडले, तेव्हा तो वायू बराच गुठळ्या-गुठळ्यांचा दिसू लागला.

याला ‘प्रतिरूपण’ म्हणता येईल, पण आठवीच्या पोरांसाठी सरळ ‘सिम्युलेशन’ ठेवा. आणि मथळ्यात ‘वायुखळं’ एकवचनीच असू द्या. अनेकवचनात ‘खळी’ केलीत तर पोरं गालावरची समजतील.